एसएसडीला नवस बोलू नका

"एसएसडी टाक, गेम पळायला लागेल!" हा मंत्र हल्ली चारठाण्यातल्या चुलतभावापासून परदेशातल्या भाच्यापर्यंत सगळेच जपतात. मंडळी, हे अर्धसत्य आहे. आणि आपल्याकडे त्याचं बिल सोयाबीनच्या पैशातून भरलं जातं, म्हणून हा त्रागा.

गेम उघडायचा वेळ घटतो, मान्य. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी साधारण ५५०, एनव्हीएमई ३५०० किंवा त्याहून जास्त. पण खेळताना चित्र अडखळतं ते बहुतेकदा ग्राफिक्स कार्ड नाहीतर रॅम अपुरी पडते म्हणून. बैल दमलाय आणि तुम्ही गाडीची चाकं बदलताय! बरं, ३५०० ऐवजी ७००० वाली घेतली तरी गेम उघडताना वाचून वाचणार किती? सहसा दोन-चार सेकंद. ते जादा पैसे यूपीएससाठी ठेवा. लिहिणं चालू असताना लाइट गेली, तर महागड्या एसएसडीवरची फाइलही बिघडू शकते.

दुसरा हट्ट, "आधी जुनी डिस्क फॉर्मॅट कर." कशाला एवढी घाई? नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना जुनीची केबल काढून ठेवा. नाहीतर बूटचा भाग कधीकधी जुन्या डिस्कवरच राहतो, आणि ती काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही. सगळं नीट चालू झालं की लग्नाचे, बारशाचे फोटो शोधा, त्यांची दुसरी प्रत करा. गेम पुन्हा डाउनलोड होतो, आजीचा फोटो होत नाही.

पटत नसेल तर खुशाल भांडा. पण आधी फोटो कॉपी करा!