पाच आकड्यांची अमानत



बी.एस्सी., बी.फार्म. किंवा बी.यू.एम.एस. झालेल्या मुली हल्ली आम्हांला विचारतात, "मेडिकल कोडिंगचा कोर्स करू का?" त्यांच्या अब्बा-अम्मींचा प्रश्न वेगळा असतो. हे काम नक्की कसले आणि त्याची कमाई साफ आहे ना? उत्तर कळावे म्हणून या महिन्यात आपण एकच उदाहरण पाहू, कंबरेच्या मणक्यांच्या ऑपरेशनचे.

अमेरिकेत इस्पितळ आणि सर्जन आपले बिल विमा कंपनीला पाठवतात, तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेली नोंद आकड्यांत बदलावी लागते. आजारासाठी आयसीडी-१० ही यादी तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. डॉक्टरांनी काय केले, यासाठी सीपीटी हे पाच आकड्यांचे कोड आहेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ते १९६६ मध्ये सुरू केले. यातले बरेच काम चेन्नई, हैदराबाद, पुणे, मुंबई इथल्या कार्यालयांत होते.

आता ऑपरेशन पाहू. कंबरेतला चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकला आहे. सर्जन मधली गादी काढतात, तिच्या जागी हाडाचा चुरा भरलेला छोटा पिंजरा बसवतात आणि स्क्रू व सळयांनी दोन्ही मणके धरून ठेवतात. पुढे हाड वाढून ते जुळतात. कमी चिरफाडीच्या पद्धतीत स्नायू हाडापासून सोलून काढत नाहीत, बाजूला सारतात. मग छोट्या चिरेतून नळी घालून सूक्ष्मदर्शकाखाली काम करतात.

पहिला चकवा इथेच आहे. चीर लहान म्हणून कोड वेगळा, असे नवशिक्यांना वाटते. पण नियम चिरेची लांबी विचारत नाही. सर्जनने मणका कसा पाहिला, हे तो विचारतो. नळीतून का होईना, डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाने मणका प्रत्यक्ष दिसत असेल, तर मोठ्या चिरेच्या ऑपरेशनचाच कोड लागतो. केवळ एक्स-रेच्या पडद्याकडे पाहून काम झाले असेल, तर तो कोड चालत नाही. त्या पद्धतीला स्वतःचा कोड नसेल, तर २२८९९ हा 'यादीत नसलेल्या कामाचा' कोड देऊन सोबत पूर्ण नोंद जोडावी लागते.

दुसरा चकवा एका वाक्याचा आहे. फक्त गादीच्या जागी हाड भरून मणके जोडले, तर कोड २२६३०. त्याच ठिकाणी मणक्यांच्या मागच्या-बाजूच्या भागावरही हाड ठेवून जोड केला असेल, तर २२६३३, आणि त्याचे पैसे जास्त. लहान चिरेच्या ऑपरेशनात हा बाजूचा जोड पुष्कळदा केलेलाच नसतो. म्हणून नोंदीत ते वाक्य आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय सवयीने २२६३३ लिहिणे म्हणजे न झालेल्या कामाचे पैसे मागणे.

तिसरा चकवा मोजणीचा. हा आम्ही वर्गात कुंपणाच्या खांबांनी समजावतो. तीन खांब असले की मधल्या जागा दोनच. चौथा मणका, पाचवा मणका आणि माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी जोडले, तर जोडाची मोजणी दोन जागांची होते. पिंजरेही जागेप्रमाणे मोजायचे, प्रत्येकी २२८५३. स्क्रू-सळ्यांची मोजणी मात्र खांबांची. दोन मणके असतील तर २२८४०, तीन ते सहा मणक्यांना क्रमाने स्क्रू असतील तर २२८४२. एकाच कागदावर दोन तऱ्हेने मोजायचे, म्हणून हुशार मुलीही इथे अडखळतात.

एका आकड्याने काय बिघडते? वाढीव कोड लागला, तर विमा कंपनीची किंवा सरकारी मेडिकेअर योजनेची फसवणूक होते. सरकारी पैशाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध अमेरिकेत १८६३ पासून कायदा आहे. कमी कोड लागला, तर सर्जनच्या मेहनतीचे मोल बुडते. आजाराचा कोड चुकला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि बिल रुग्णाच्या दारात येऊ शकते. आपल्या मुलीने त्या रुग्णाला कधी पाहिलेले नसते. तरी त्याचा हिशेब तिच्या हातात अमानत म्हणून असतो.

मग नोंदच अपुरी असली तर? अंदाज करायचा नाही. सर्जनला लेखी विचारायचे, पण प्रश्नातच उत्तर सुचवायचे नाही. "बाजूला हाड ठेवले असे लिहू का?" हा प्रश्न चुकीचा. "जोड कोठे कोठे केला, कृपया नोंदवावे," हा बरोबर. परीक्षेत पर्यवेक्षकाने उत्तर सुचवले तर ती परीक्षा राहत नाही, तसेच हे.

ज्या मुलींना या वाटेने जायचे आहे, त्यांनी आधी शरीररचना पक्की करावी आणि इंग्रजी नोंदी सलग वाचायची सवय लावावी. एएपीसी या संस्थेच्या सीपीसी परीक्षेत चार तासांत १०० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. कोडची पुस्तके जवळ ठेवता येतात, म्हणजे पाठांतरापेक्षा नीट वाचणे मोलाचे. उत्तीर्ण झाल्यावरही अनुभव येईपर्यंत नावापुढे शिकाऊपणाची खूण राहते. तेव्हा "कोर्स करा, लगेच मोठा पगार" असे सांगणाऱ्या क्लासला फी देण्याआधी दोनदा विचार करावा.

राहिला अब्बा-अम्मींचा प्रश्न. काम इज्जतीचे आहे. कमाई साफ राहते ती एका सवयीने: जे लिहिले आहे तेच मोजायचे, आणि जे लिहिलेले नाही ते विचारायचे.