हळवं आणि गरवं

दिवाळीच्या तोंडावर आमच्या वसईकडच्या शेतांवरून नजर टाकली, की शेजारशेजारच्या दोन खाचरांत दोन वेगळे महिने दिसतात. एकीकडे हळवं भात कापून झालेलं, नुसती धसकटं उरलेली. बांधापलीकडे गरवं अजून हिरवट, लोंब्या जेमतेम झुकू लागलेल्या. पाऊस दोघांवर एकच पडला, आवणीही मागेपुढेच झाली. पण हळवं साडेतीन-चार महिन्यांत हाती येतं आणि गरव्याला त्याहून महिनाभर जास्त लागतो. शेजाऱ्याची कापणी उरकली म्हणून कुणी गरव्यावर विळा चालवत नाही. चालवला तर पोचट दाणाच पदरात पडेल. माझे वडील लोंबीतला एक दाणा काढून दाताखाली धरत. दुधाळ लागला की काही न बोलता बांधावरून परत फिरत.

यंदाच्या अंकाचा विषय ‘आयुष्याचे ऋतू’ असा ठरला, तेव्हा बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय मी पुन्हा वाचायला घेतला. जन्ममरणापासून युद्ध आणि शांतीपर्यंत तिथे 14 जोड्या आहेत, म्हणजे 28 समय. इतक्या वर्षांत न जाणवलेली एक गोष्ट या खेपेला जाणवली. कुठल्याही समयाची मुदत त्या यादीत दिलेली नाही. शोकाला वेळ आहे असं म्हटलंय, तो किती दिवसांचा ते सांगितलेलं नाही. हा अध्याय आपण एकमेकांना धीर द्यायला वाचतो आणि मुदत मात्र आपल्या पदरची घालतो.

ज्यू लोकांच्या अनेक सभास्थानांत हे पुस्तक मंडपांच्या सणात वाचतात. तो सण पौर्णिमेला सुरू होतो, पुष्कळदा आपल्या कोजागिरीलाच. पीक घरात आलेलं असतं, त्यांच्या धर्मशास्त्राने आनंद करायला सांगितलेले दिवस असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सगळं वाऱ्यासारखं निसटतं असं सांगणारं पुस्तक उघडायचं! भरल्या खळ्यावर बसून ते ऐकणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला या विषयावर बोलताना टिळक पतिपत्नी आठवल्याशिवाय राहत नाहीत. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. लहान मुलाला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या. पुढे नगरला आल्या तरी आपलं सोवळं सोडलं नाही. टिळक स्वभावाने उतावळे आणि रागीट, लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. अशा माणसाला पाच वर्षं वाट बघावी लागली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, तो त्यांच्या स्वतःच्या मनाने, नवऱ्याच्या मागून फरफटत नव्हे. तो दाणा घाईने कापला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. जेमतेम लिहा-वाचायला शिकलेल्या या बाईंनी ते हाती घेतलं आणि त्याचा बहुतेक भाग लिहिला. ग्रंथ छापून आला 1938 मध्ये, त्याही गेल्यानंतर. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 चा, म्हणजे वयाची पासष्टी ओलांडल्यावरचा. मराठीतलं इतकं टपोरं गद्य गरव्याच्या हंगामातलं आहे.

आमच्या चर्चच्या वर्षालाही ऋतू असतात. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पास्काकाळ. यांच्यामधले 33-34 आठवडे उरतात, त्यांना सामान्यकाळ म्हणतात. वेदीवर फादरांचा झगा हिरवा. लहानपणी मला तो रंग कंटाळवाणा वाटे. आता कळतं, आईचं आयुष्य याच हिरव्या आठवड्यांत गेलं: पानवेलीला पाणी, केळीची पिलं काढणं, पहाटे भाजीच्या पाट्या स्टेशनवर.

आई यंदा आगोटीला गेली. महिन्याभरात लोक सांगू लागले, “सावर आता.” सांगणाऱ्यांचा जीव होता माझ्यावर, तरी ते शब्द टोचले. मग आठवलं, मीही हे कितीतरी जणांना सांगितलंय, तेही अगदी पुढचं काम खोळंबल्याच्या सुरात. त्या सगळ्यांची मला आज क्षमा मागायची आहे.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे एक रीत आहे. घरात मृत्यू झाला, की त्या वर्षी दिवाळीला कढई चढत नाही. आणि म्हणूनच शेजारीपाजारी फराळाचं ताट घेऊन येतात. दुःखाला ऊठ म्हणायचं नाही, त्याच्या शेजारी येऊन बसायचं आणि पुढ्यात चकली ठेवायची. याहून शहाणी रीत मी पाहिलेली नाही.

शेजारच्या काकू तीस वर्षं आमच्याकडे फराळ पाठवतात. स्टीलचं ताट, काठावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. आईने ते कधी रिकामं परत केलं नाही. नाताळपर्यंत ठेवून घ्यायची आणि नेवऱ्या, केक भरून पाठवायची. अंकाची शेवटची प्रुफं तपासत होतो, तेव्हा काकू चकलीचा पहिला घाणा घेऊन आल्या. मी म्हटलं, “काकू, यंदा नाताळला आमच्याकडे काही होणार नाही. ताट रिकामंच येईल.”

“राहू दे रे तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “मला ताटाची घाई नाही.”

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, 2 नोव्हेंबरला तुम्ही कबरीवर मेणबत्त्या लावता, तेव्हा मी आले तर चालेल का? पणती आणली तर? मी हो म्हटलं. आईच्या कबरीची माती अजून बसलेली नाही, दगड बसवायला अवकाश आहे. पणती मातीतच टेकवावी लागेल.

ताट धुऊन, पुसून फडताळात वरच्या फळीवर ठेवलंय.