खिळा ढिला झाल्यावर

मिरचीच्या हंगामात धर्माबादच्या मोंढ्यात पाय ठेवला की आधी शिंक येते, मग डोळे चुरचुरतात. पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत निघालं की कुणी ना कुणी विचारतंच, "चाकू हाय का ओ?" पोत्याचं तोंड शिवलेली सुतळी दातानं तुटत नाही. परवा असाच एका हमालानं चाकू मागितला. मी हौसेनं खिशातला नवा चाकू काढून दिला. त्यानं तो उघडला, पातं अंगठ्यानं डावीउजवीकडं हलवून बघितलं आणि सुतळी न कापताच परत माझ्या हातावर ठेवला. "हालायलंय हे. बोट कापंल," एवढंच बोलून तो दुसऱ्याकडं वळला.

चाकू दोन महिन्यांचा होता. मोबाइलवर मागवलेला, २४९ रुपयांचा. लाकडी मूठ, नखानं उघडायचं पातं, मुठीत मिटणारी जुन्या वळणाची घडी. चित्र बघून वडिलांची आठवण झाली म्हणून घेतला. डबीत एक जाड, गुळगुळीत कार्ड होतं आणि त्यावर सोनेरी अक्षरात ‘आजीवन वॉरंटी’.

कार्डावरच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या बाई चांगल्या बोलल्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अटी मात्र ऐकण्यासारख्या होत्या. चाकू आपल्या खर्चानं त्यांच्या शहरात पाठवायचा, सोबत बिल जोडायचं, तपासणीत दोष कारखान्याचा ठरला तर बदलून मिळेल, आणि परत पाठवण्याचे ९९ रुपये आपलेच. मी गावातल्या कुरिअरवाल्याकडं गेलो. जायचेच १२० रुपये लागतील म्हणाला, आणि आत चाकू आहे हे कळल्यावर त्यानं पाकीट परत सरकवलं. धारदार वस्तू ते घेत नाहीत. म्हणजे २४९ रुपयांच्या चाकूसाठी २१९ रुपये घालायचे, तेही कुणी पाठवायला तयार झालं तर. आपल्याकडं साधारण समज असा की गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. इथं दोन्हींपैकी काहीच हातात येत नव्हतं. स्वस्त वस्तूला दूरच्या गावची हमी दिली की ती हमी वाटखर्चातच संपते, हे मला त्या कुरिअरच्या दुकानात उभं राहून नीट समजलं.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, इथल्याच एका आडत दुकानावर मुनीम होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी माळेगावच्या यात्रेतून आणलेला, बहुतेक दोन रुपयाला. खंडोबाचं दर्शन, घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार बघणं आणि लोखंडी सामानाच्या पालांवरून काहीतरी घेऊन येणं, ही त्यांची दर वर्षाची यात्रा. त्या चाकूनं ते पोत्याची सुतळी कापत, मिरची उभी चिरून आतलं बी काळं पडलंय का ते बघत, दुपारी त्याच पात्यानं कांदा फोडत आणि संध्याकाळी आमच्या पेन्सिलींना टोक काढत. आजोबा त्याला चाकू म्हणत नसत, कलमतराश म्हणत. निजामाच्या राज्यात ज्यांनी अक्षरं गिरवली त्यांच्या तोंडी हा फारसी शब्द होता. बोरूला टोक काढायचं ते कलमतराश.

तो चाकू नानांनी तीस वर्षं वापरला. पण तीस वर्षं तो धड राहिला असं नाही, आणि मला सांगायचं आहे ते हेच. त्याचा खिळा निदान पाच वेळा ढिला झाला. एकदा मूठ चिरली. एकदा खिळा पार झिजून गेला तेव्हा सायकलच्या स्पोकचा तुकडा घालून तो बसवला गेला. वस्तू चांगली होती याचा आमच्या घरातला अर्थ ती कधी बिघडली नाही असा नव्हता. बिघडल्यावर गावातल्या गावात नीट झाली, असा होता.

ती नीट करायचे घिसाडी. ज्वारी काढणीला आली की त्यांची पालं अजूनही आमच्याकडं उतरतात, कारण तेव्हा विळ्यांना दाते काढायचे असतात, आणि पेरणीच्या आधी पुन्हा उतरतात, कारण तेव्हा खुरपी-कुळव बघायचे असतात. यंदा स्टेशनच्या पलीकडं मोकळ्या जागेत तीन पालं होती. मी नवा चाकू घेऊन तिथं गेलो. भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा आलाय, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा आहे, पण घण अजून बाईच्या हातात आहे. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसतो आणि ती उभी राहून घाव घालते. ज्यांनी हे बघितलंय त्यांना माहीत आहे, एक घाव इंचभर चुकला तर नवऱ्याचा हात जाईल. तो चुकत नाही.

"मावशी, हा घट्ट होईल का?"

"बघू द्या दादा."

तिनं घण खाली ठेवला, लहान हातोडी घेतली, चाकू ऐरणीवर आडवा ठेवला आणि खिळ्याच्या डोक्यावर एक हलका ठोका दिला. डोकं चेपून फाटलं. तिनं ते नखानं उचकटून मला दाखवलं. "नळी हाय नुस्ती. भरीव न्हाई. ह्येला ठोकून काय व्हणार?"

इथं सगळं कळलं. भरीव खिळ्याचं डोकं गोल फिरवत ठोकलं की लोखंड पसरतं आणि सांधा पुन्हा आवळला जातो. किती आवळायचा ते हाताला कळतं. पातं हलता कामा नये, पण नखानं उघडलं तर पाहिजे. चारदोन ठोके, एक थेंब तेल, झालं. पोकळ खिळा कारखान्यात यंत्रानं एकदाच दाबून बसवायचा असतो. तो ढिला झाला की झाला. काही पैसे वाचवण्यासाठी तिथं नळी घातली, आणि त्या क्षणीच तो चाकू जगातल्या प्रत्येक लोहाराच्या हाताबाहेर गेला. सोनेरी अक्षरांची आजीवन हमी त्याच नळीवर उभी होती.

तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं पात्याच्या पाठीवर कानस ओढली. कानस करकरत चावली. त्यांच्याकडचा ट्रकच्या पाट्यापासून केलेला एक सुरा उचलून त्यानं त्यावरही तीच कानस ओढली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. "ह्याला पाणी हाय. तुमच्याला दिलंच न्हाई," तो म्हणाला.

पाणी देणं हे सगळ्या धारेचं मूळ. ट्रकच्या पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. ते आठशे अंशांच्या आसपास, गाजरासारखं लाल तापवून एकदम गार केलं की कमालीचं कडक होतं, इतकं की पडलं तर फुटेल. म्हणून पुन्हा हलकंसं तापवायचं. घासून उजळ केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढत जातात. सव्वादोनशे अंशांच्या सुमाराला वाळल्या गवतासारखा पिवळा येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेजवळ निळा. चाकूला पिवळ्यावर थांबायचं. घिसाड्याकडं तापमापक नाही. त्याच्याकडं संध्याकाळचा अंधूक उजेड आणि बापाकडून शिकलेला डोळा आहे. तुम्ही चाकू विजेच्या कोरड्या चाकावर धार लावायला दिलात आणि धारेच्या कडेला निळी झाक आली, तर समजा की तिथलं पाणी गेलं. ही एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी घरातल्या कितीतरी सुऱ्या वाचतील.

मग माझ्या चाकूच्या स्टेनलेस पात्याला तो आता पाणी का देऊ शकत नाही? कारण चाकूच्या स्टेनलेसला हजार अंशांच्या पुढंमागं, मोजून-मापून उष्णता लागते. कोळशाच्या उघड्या भट्टीत ते काम होत नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली न गंजणारं पोलाद घडवलं ते मोठंच काम होतं, आणि नीट पाणी दिलेलं स्टेनलेस उत्तम असतं. पण स्वस्त चाकूत गंज न येण्याची चकाकी दिसते आणि कडकपणा दिसत नाही. म्हणून चकाकी ठेवली जाते आणि उष्णतेच्या कामात हात आखडला जातो. गंजणाऱ्या जुन्या पात्याला पुसून तेलाचा हात लावावा लागे, पण बिघडलं तर ते गावात सुधारत असे. हा सौदा आपण न समजता केला.

स्वस्त म्हणजे टाकाऊच, असं जगात सगळीकडं नाही. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यानं १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू काढला. १९५५ मध्ये त्याला पातं अडकवून ठेवणारं फिरतं कडं बसलं, आणि तो आजही तिथल्या सामान्य माणसाच्या खिशाला परवडतो. जपानच्या मिकी गावातला हिगोनोकामी तर आणखी साधा आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं, एक खिळा. ना कमान, ना कुलूप. ढिला झाला तर हातोडीचा एक ठोका. मेरठच्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भंगारातल्या पोलादापासून होतात, आणि तिकडं त्यांच्याबद्दल म्हणतात की आजोबा घेतो आणि नातू वापरतो. आपल्या नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आसपास कृपाण आणि तलवारींची दुकानं आहेत, शिकलीगरांची परंपरा आहे. ‘शिकल’ हा शब्दच ‘सैकल’ या अरबी शब्दावरून, म्हणजे पात्याला उजाळा देणं. हात जिल्ह्यात आहेत. त्या हातांनी तीन इंची घडीचा चाकू करावा, भरीव खिळ्याचा, आणि तो धर्माबादच्या बाजारात दीडदोनशे रुपयांना मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

कायदाही अगदीच लांब नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याच्या आधीपासून बिंदुमाधव जोशींच्या ग्राहक पंचायतीनं पुण्यातून ही जाग आणली होती. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे धर्माबादकरानं नांदेडला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या क्रमांकावर फोनवरही तक्रार नोंदवता येते. २०२२ च्या ग्राहक दिनी केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण त्यात विचार झाला तो मोबाइल, वाहनं, घरातली यंत्रं आणि शेतीची अवजारं यांचा. शेतीची अवजारं म्हटल्यावर डोळ्यांसमोर ट्रॅक्टर येतो. खुरपं, विळा, चाकू हीही अवजारंच आहेत आणि ती ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जास्त हातांत आहेत. अडीचशे रुपयांसाठी नांदेडला दिवस घालवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून निदान दुकानदारानं बिलामागं दोन ओळी लिहाव्यात की खिळा ढिला झाला तर वर्षभर इथंच आवळून देऊ. आवळण्याचे पैसे घिसाड्याला दुकानानं द्यावेत. ही जमात सरकारी यादीत भटक्या जमाती (ब) मध्ये आहे, तिला दया नको, काम पाहिजे. वर्षाकाठी दोनशे खिळे हे काम आहे.

त्या दिवशी मावशींनी पोकळ नळी काढून टाकली, सळईचा तुकडा कानशीनं बारीक करून भोकात बसवला, दोन्हीकडं पितळी वायसर घातले आणि डोकं ठोकून गोल केलं. पाव तास लागला. तीस रुपये सांगितले. पातं मऊच राहणार, दर आठवड्याला पाजवावं लागणार, हेही तिनंच सांगितलं. घेणाऱ्याला आधी दोष सांगणारं दुकान मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

"परत हाललं तर?" मी विचारलं.

"पुनवेपत्तुर हितंच हाव. मग उमरीकडं. तिकडं आणा, पैशे न्हाई घेणार."

दुसऱ्या दिवशी घरातली विळी, शेजाऱ्यांची दोन खुरपी आणि नानांचा जुना चाकू घेऊन पुन्हा गेलो. नानांचा चाकू त्यांनी हातात घेऊन उलटापालटा केला, स्पोकचा खिळा बघून नवरा-बायको आपसात काहीतरी बोलले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पौर्णिमेनंतर जागा रिकामी झाली. तिथं कोळशाचा काळा डाग आहे आणि लोखंडाचा चुरा उन्हात चमकतो. खिळा अजून हललेला नाही. हलला तर उमरी गाडीनं फार लांब नाही.