सीट रिकामी नाही!

मंडळी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये हल्ली काय काय सापडतं? स्टेपलर, बिस्किटाचा पुडा, चार्जर आणि... झिंकच्या गोळ्या! २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने त्या घराघरांत शिरल्या. लाट ओसरली, गोळ्या राहिल्या. केस गळतायत? झिंक. सर्दी झालीय? झिंक. स्किन डल दिसतेय? अहो, झिंक! 'मिनरलच तर आहे, जास्त झालं तर काय बिघडतं?' असं आपल्याला वाटतं. बिघडतं! आणि ते कसं, हे कळायला आपल्याच पेशींमध्ये जरा डोकवावं लागेल.

अख्ख्या शरीरात झिंक असतं जेमतेम दोन-तीन ग्रॅम. पण कामं बघाल तर चाट पडाल. जवळपास तीन हजार प्रकारच्या प्रोटीन्सना ते लागतं. शरीरातल्या कार्बन डायऑक्साइडची विल्हेवाट लावायला मदत करणारं एन्झाइम झिंकवर चालतं. फ्रायडे नाइटचं ड्रिंक लिव्हरमध्ये मोडणारं एन्झाइमसुद्धा झिंकवालंच! शिवाय डीएनए पकडून कोणतं जीन कधी चालू करायचं हे ठरवणारी 'झिंक फिंगर्स' आहेतच. केंब्रिजच्या अ‍ॅरन क्लूग यांच्या ग्रुपला ती १९८५ मध्ये बेडकाच्या एका प्रोटीनमध्ये सापडली.

आता खरी गंमत. पेशीत एवढं झिंक असूनही मोकळं झिंक जवळपास नसतंच. दहा लाखांत एखादाच आयन सुटा सापडेल. बाकीचे सगळे कुठल्या ना कुठल्या प्रोटीनने धरलेले! कारण सुटं झिंक धोक्याचं. ते नको तिथे चिकटतं आणि चालू कामं बंद पाडतं.

मग एका प्रोटीनकडचं झिंक दुसऱ्याकडे जातं कसं? सकाळची गच्च भरलेली लोकल आठवा. सीट कधी रिकामी दिसते का? 'कुठे उतरणार?' हे आधीच विचारून झालेलं असतं. बसलेला जरा सरकला, की उभा असलेला टेकलाच! झिंक म्हणजे ती सीट. नवं प्रोटीन जवळ येतं, झिंकला हात घालतं आणि मगच जुनं आपला हात सोडतं. जुन्याची पकड इतकी घट्ट असू शकते, की ती आपोआप सुटायची वाट बघितली तर दिवस जातील. घेणारा समोर आला, की तेच काम झटपट होतं.

या देवघेवीतला मोठा खेळाडू म्हणजे मेटॅलोथायोनिन. मार्गोशेस आणि व्हॅली या जोडीला हे प्रोटीन १९५७ मध्ये घोड्याच्या किडनीत सापडलं. चिमुकलं, पण एका वेळी झिंकचे सात आयन सांभाळतं. सातही सारखे घट्ट धरलेले नसतात. काही पक्के, तर एखादा पटकन देऊन टाकण्याजोगा. पेशीत झिंक वाढलं, की एक सेन्सर प्रोटीन हुकूम सोडतं : मेटॅलोथायोनिन आणखी बनवा! काही ठिकाणी तर झिंक थेट नेऊन द्यायला खास माणूस, आपलं, खास प्रोटीन असतं. असं एक प्रोटीन २०२२ मध्ये उजेडात आलं. झेडएनजी-१ त्याचं नाव.

आता या ड्रॉवरमधल्या गोळीकडे. महिनोन्‌महिने जास्त झिंक घेतलं, की आतड्यातल्या पेशी मेटॅलोथायोनिनचा ढीग लावतात. पण या प्रोटीनला झिंकपेक्षा तांबं जास्त प्यारं! जेवणातून आलेलं तांबं ते पकडून ठेवतं. आतड्याच्या पेशी काही दिवसांत गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर तांबंही बाहेर. मग अ‍ॅनिमिया, पांढऱ्या पेशी कमी, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं... विल्सन डिसीजमध्ये शरीरात तांबं साठतं, तिथे डॉक्टर याच गुणाचा औषध म्हणून वापर करतात. आपल्याला तो आजार नसेल, तर हा उपचार कशासाठी?

अमेरिकेत मोठ्यांसाठी दिवसाची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे, तीही जेवण धरून. आणि बाजारातल्या काही गोळ्या एकट्याच ५० मिलिग्रॅमच्या!

म्हणजे झिंक व्हिलन? मुळीच नाही. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधल्या वाढ खुंटलेल्या तरुणांबद्दल लिहिलं, तेव्हा झिंकच्या कमतरतेकडे पहिल्यांदा बोट दाखवलं गेलं. ते तरुण मुख्यतः न आंबवलेल्या पिठाची रोटी खात. धान्यातलं फायटेट झिंकला आतड्यातच अडवून ठेवतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं, की हे फायटेट कमी होतं. म्हणजे आईची मटकीची उसळ आणि रविवारचा डोसा काय उगाच नाहीत! अंडी, मटण, तीळ, काजूही आहेतच.

कमतरता खरंच असेल, तर गोळी जरूर घ्या. पण डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून : किती मिलिग्रॅम? आणि किती दिवस? दुसरा प्रश्न विसरू नका, कारण आपण गोळी सुरू करतो ती दणक्यात, पण बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही!