शी कुणी धुवायची?

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. ‘रहिवाशांनी दर्शनी गॅलरीत व खिडक्यांत लहान मुलांचे लंगोट, दुपटी इत्यादी वाळत घालू नयेत. इमारतीची शोभा जाते.’ इमारतीत त्या वेळी लंगोटातलं बाळ एकच होतं, आमचं. शोभेबद्दल सांगायचं तर आंबोलीतली ही चार मजली इमारत आहे, पावसाच्या पाइपातून पिंपळ उगवलाय आणि दुसऱ्या मजल्यावरचं प्लास्टर दर वर्षी थोडं थोडं खाली येतं. त्याबद्दल बोर्डावर कधी कागद लागलेला नाही.

मला राग आला. पण रागाच्या भरात सेक्रेटरींशी भांडायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "भांड, पण आधी बादली रिकामी कर." या लेखात मला जे म्हणायचंय ते सगळं त्या वाक्यात आहे. तरी लिहितो, कारण कापडी डायपरवर इंटरनेटवर जे लिहिलं जातं त्यात ही बादली कुणाची, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कापडी डायपर आणायची हौस माझी. बाळ व्हायच्या आधीच मी बटणांचे, आत खिसा असलेले, प्राण्यांची चित्रं असलेले बारा डायपर मागवले. ‘पृथ्वी वाचवायची’ वगैरे वाक्यं मी मित्रांना ऐकवली. पहिले तीन आठवडे ते धुतले कुणी? जिला टाके पडलेले होते आणि जी रात्री चार वेळा दूध पाजायला उठत होती तिने. मी पृथ्वी वाचवत होतो आणि ती मोरीत उकिडवी बसत होती. चौथ्या आठवड्यात तिने बादली माझ्या लॅपटॉपशेजारी आणून ठेवली आणि काही न बोलता निघून गेली.

मग मी काय केलं? कुठलाही मध्यमवर्गीय पुरुष करील तेच. भांड्यांना येणाऱ्या मावशींना विचारलं, महिन्याला हजार रुपये जास्त देतो, एवढे धुवाल का? त्या म्हणाल्या, "दादा, माझ्या दोन पोरांचे मी धुतले. तुमच्या पोरीचे तुम्ही धुवा." इतकं स्वच्छ उत्तर मला पर्यावरणावरच्या एकाही व्याख्यानात मिळालेलं नाही.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि करणाऱ्या पुरुषांची ९७. त्यातही दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस. तेव्हा ‘आपल्या आजीच्या काळी सगळं कापडीच होतं’ असं कुणी डोळे मिटून म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, आजोबांच्या काळी काय होतं? आजीच्या काळी लंगोट आजी धुवायची, नाहीतर आजीची सून, आणि जरा ऐपत असेल त्या घरात बाळंतिणीचे कपडे दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात जायचे, ज्या हातांना घरातल्या माठाला शिवायची मुभा नव्हती. ही परंपरा जशीच्या तशी परत आणायची असेल तर माझा तिला विरोध आहे.

पण म्हणून फेकायचे डायपर वापरले की प्रश्न सुटतो, हे त्याहून मोठं खोटं आहे. तिथे शी धुतली जात नाही एवढंच, हाताळली जातेच. आपण डायपरची गुंडाळी करतो, चिकटपट्टी लावतो, ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि आपल्यापुरतं ते संपतं. सकाळी जो माणूस डबा न्यायला येतो तो ओला-सुका वेगळं करताना ती गुंडाळी हाताने उचलतो. पुढे वर्गीकरणाच्या शेडमध्ये बहुतेक बायका असतात. प्लास्टिक शोधताना त्यांच्या हाताला आधी काय लागतं? मुंबईत या बायकांचं संघटन १९९८ पासून स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’मधून उभं केलं. ही तीच संघटना, जिचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक आपल्या आयांना आठवतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लोकांना विनंती केली की असा कचरा कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडायच्या आधी कळेल. एक लाल ठिपका! तेवढंही आपल्याच्याने होत नाही.

हाताने मैला उचलायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत डायपर बसत नाही, हे मला माहीत आहे. वकिलाला ते पुरेसं असेल. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर स्पष्ट लिहिलं होतं की कंपन्यांनी आपला माल पुनर्वापराजोग्या वस्तूंचा करता येतो का ते पाहावं, नाहीतर प्रत्येक नॅपकिन आणि डायपरसाठी विल्हेवाटीची पिशवी पाकिटासोबत द्यावी. घरातल्या पाकिटात अशा पिशव्या आहेत का ते उघडून पाहा. आमच्याकडे प्रवासासाठी आणलेल्या पाकिटात नव्हत्या. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने हा कचरा वेगळा गोळा करायची सेवा सुरू केली, सोसायटीने नोंदणी करायची असते. आमच्या सोसायटीने केलेली नाही. लंगोटांवर मात्र ठराव झाला.

आणि जातं कुठे हे सगळं? देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं. मुलुंडचं २०१८ मध्ये बंद झालं, उरलं कांजूरमार्ग. डायपर म्हणजे लाकडाचा लगदा, वरखाली प्लास्टिकचे थर आणि मध्ये पाणी शोषून जेली होणारे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण. ‘विघटन व्हायला पाचशे वर्षं लागतात’ हे वाक्य मी वापरणार नाही. पँपर्स बाजारात आला १९६१ मध्ये, पाचशे वर्षं कुणी मोजली? पण आपल्या पोरीचा आज सकाळचा डायपर ती म्हातारी होईल तेव्हाही कुठेतरी असेल, एवढं म्हणायला आकडा लागत नाही. दिवसाला सहा धरले तर वर्षाचे २१९०. शिवाय साधी गोष्ट, अंधेरी पश्चिमेच्या शीची योग्य जागा संडास आहे. तिथून ती गटारवाहिनीने वर्सोव्याच्या मलजल केंद्रात जाते. ती प्लास्टिकमध्ये बांधून ट्रकने कांजूरला न्यायची हा शहाणपणा कुणाचा?

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत एका बाळाच्या फेकायच्या डायपरमुळे साधारण ५५० किलो कार्बन, आणि कापडीमुळे ५७०. म्हणजे कापडी थोडे वाईटच! हे वाक्य कापून घेऊन लोक अजून फिरवतात. पुढचं कुणी वाचत नाही. मशीन भरून लावलं, उन्हात दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी खाली येतो. विजेच्या ड्रायरमध्ये वाळवले तर वर उडतो. २०२३ च्या नव्या हिशेबात कापडी सरासरीनेच २५ टक्के कमी निघाले. थोडक्यात, कापड पुण्यवान नाही, दोरी पुण्यवान आहे. आणि आमच्या नोटीस बोर्डाने बंदी घातली ती नेमकी दोरीवर.

पाण्याचं काय? हा प्रश्न अंधेरीत कुणी हसण्यावारी नेऊ नये. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस वेरावली जलाशयाची मोठी जलवाहिनी ड्रिलिंगच्या कामात फुटली, तेव्हा आम्ही सगळे बाटल्या घेऊन फिरलो आहोत. माझ्या मशीनला एका धुण्याला साठ-सत्तर लिटर लागतात. एक दिवसाआड धुतलं तर रोजचे पस्तीस, म्हणजे इमारतीतल्या माणसाच्या वाट्याला कागदोपत्री जे १३५ लिटर येतात त्याचा चौथा हिस्सा. मला तो परवडतो. झोपडपट्टीसाठी हाच आकडा माणशी ४५ आहे, आणि तो हंड्याने भरावा लागतो. तिथल्या आईने फेकायचा डायपर घेतला तर तिला पृथ्वीवर प्रवचन देणाऱ्याने आधी तिच्या नळाला पाणी आणावं. अपराधीपणा वाटायचाच तर तो ज्यांच्या गच्चीवर टाकी आहे त्यांना वाटू दे.

तर ज्यांच्याकडे टाकी, मशीन आणि एक धडधाकट बाप आहे त्यांच्यासाठी, मी दहा महिन्यांत चुका करून काय शिकलो ते सांगतो.

पहिली चूक भिजत घालण्याची. बादलीत पाणी, त्यात लंगोट, वर झाकण. मे महिन्यात दुसऱ्या दिवशी झाकण काढलं आणि शेजारच्या काकूंनी गॅस गळतोय का विचारलं. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि झाकलेलं कोमट पाणी म्हणजे त्यांना आंदण. शिवाय रांगतं मूल असलेल्या घरात पाण्याने भरलेली बादली हा सरळ जिवाला धोका आहे. आता आमच्याकडे भोकं असलेली प्लास्टिकची टोपली आहे, कोरडी, उघडी, मोरीच्या वरच्या फळीवर. शी असेल तर आधी संडासात जेटने उडवायची. रात्रीचा लंगोट सकाळी नुसत्या पाण्यातून पिळून मग टोपलीत. दोन दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. वास येत नाही, म्हणजे बंद डब्यातल्या गुंडाळीपेक्षा तरी कमी येतो.

धुताना आधी एकदा गार पाण्यात नुसतंच फिरवायचं, मग साबणाची पूर्ण मात्रा घालून लांब धुणं. बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर पावडर घालणं ही दुसरी चूक. मळ निघत नाही, मग पुरळ येतं आणि दोष कापडाला. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर पावडर आणखी थोडी, कारण तिचा काही भाग क्षारांशी भांडण्यातच संपतो. धरणाचं पाणी मऊ असतं. सुवासिक कंडिशनर अजिबात नको, धाग्यावर थर बसतो आणि लंगोट पाणी शोषायचं विसरतो. दर वेळी गरम पाणी लागत नाही. जुलाब झाले असतील, पुरळ असेल, तर साठ अंश. पिवळे डाग उरले तर ओल्यानेच उन्हात टाकायचे. ऊन ते खातं, आणि त्याचं बिल येत नाही.

पावसाळ्यात मात्र माझ्या चित्रवाल्या डायपरांची फजिती झाली. आतली जाड, चार थरांची पट्टी जुलैत तीन-तीन दिवस ओली राहायची, आणि अर्धवट वाळलेल्या पट्टीला कुबट वास येतो तो येतोच. तेव्हा सासूबाईंनी जुन्या मऊ धोतराचे चौकोन फाडून दिले. एकेरी कापड, घडी घालून तीन पदरी करायचं, धुतलं की उलगडून टाकायचं. पंख्याखाली रात्रीत वाळतं. सातशे रुपयांच्या डायपरला जे जमलं नाही ते फाटक्या धोतराला जमलं. यात परंपरेचा विजय वगैरे नाही, बाष्पीभवन आहे. पण कंपन्यांनी कापडी डायपरचंही एक चैनीचं दुकान मांडलंय. दर महिन्याला नवी चित्रं, नवे रंग, ‘कलेक्शन’. चाळीस डायपर जमवून पर्यावरण वाचत नाही. असतात तेच झिजेपर्यंत वापरायचे.

आणि लहान झालेले ठेवून देताना आपल्याकडची सवय म्हणजे पेटीत डांबराच्या गोळ्या. ते करू नका, हे मी सगळ्यात गंभीरपणे सांगतोय. त्यातलं नॅप्थलीन कपड्यात मुरतं, आणि ज्या नवजात बाळाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल त्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ जिवावर बेतू शकते. कमतरता आहे हे जन्मल्या जन्मल्या बहुतेकांना माहीत नसतं. कडकडीत वाळवा, सुती पिशवीत भरा, वर कडुलिंबाचा वाळका पाला ठेवा, आणि पुढच्या बाळाला द्यायच्या आधी पुन्हा एकदा धुवा. द्यायला लाजू नका. आपण सगळे कुणाच्या तरी जुन्या दुपट्यात गुंडाळलेलो होतो.

मला रोज यात किती वेळ जातो? बावीस मिनिटं. मी मोजली आहेत, कारण पुरुष घरकाम करतो तेव्हा मोजतो. ऑफिसात सांगितलं तर लोक कौतुक करतात, बायकोच्या ऑफिसात तिला कुणी विचारतही नाही. एका मित्राने विचारलं, "तुला किळस येत नाही?" येते की. तिलाही यायची. मावशींनाही येते आणि कांजूरच्या शेडमधल्या बाईलाही. फरक इतकाच की त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सोसायटीच्या येत्या सभेसाठी मी दोन विषय लेखी दिले आहेत. एक, सॅनिटरी कचऱ्याच्या महापालिकेच्या सेवेसाठी नोंदणी. दोन, गच्चीवर सर्वांसाठी चार दोऱ्या. सेक्रेटरी म्हणाले, गच्ची नको, वरून विमानं जातात, बरं दिसत नाही. तोवर लंगोट दर्शनी गॅलरीतच आहेत. आज अकरा आहेत, बारावा ती घालून बसली आहे.