वर्षश्राद्ध आणि कलम ३३७

माणूस गेल्यावर काय काय करायचे आणि केव्हा करायचे, याचे वेळापत्रक आपल्या पूर्वजांनी मोठ्या काटेकोरपणे आखून ठेवले आहे. दहावा दहाव्या दिवशीच येतो. तेराव्याला कोणी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत नाही. मासिक, वर्षश्राद्ध, पक्ष, सगळ्यांच्या तिथ्या ठरलेल्या. भटजी आजारी पडले तर दुसरे भटजी येतात, पण तिथी हलत नाही. मात्र गेलेल्या माणसाने मागे ठेवलेल्या घराचे, ठेवींचे आणि पासबुकांचे काय करायचे, याला पंचांगात तिथी नाही. आणि तिथी नसलेले काम आपल्याकडे केव्हा होते, हे या अंकाच्या संपादकांना विचारावे. लेखाला निदान शेवटची तारीख तरी असते!

आमचे वडील अण्णा २०२२ च्या फाल्गुनात साताऱ्याला वारले. हाडाचे शिक्षक. सगळे कसे आखीव. मृत्युपत्र स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, रीतसर नोंदवून ठेवलेले. घर ताईला, कारण शेवटची आठ वर्षे तिनेच त्यांचे सगळे केले. बँकेतल्या ठेवी तिघा भावंडांना सारख्या. शेवटी एक वाक्य असे की, मुलांना वेळोवेळी दिलेल्या रकमा वहीत लिहिल्या आहेत, त्या ज्याच्या त्याच्या वाट्यात धराव्यात. हे वाक्य आम्ही सर्वांनी पत्राखालच्या ‘लोभ असावा’सारखे वाचून सोडून दिले. आणि ह्या सगळ्याची अंमलबजावणी करायला अण्णांनी नेमले होते आपल्या चाळीस वर्षांच्या मित्राला. आम्ही त्यांना काका म्हणतो.

अशा माणसाला लोकव्यवहारात ‘एक्झिक्युटर’ म्हणतात. सरकारी मराठीत ‘निष्पादक’ असा शब्द आहे. निष्पादन म्हणजे काम तडीस नेणे. मी मराठीचा अध्यापक असल्याने मला ह्या शब्दाचे कौतुक वाटले. पण दीड वर्षात ते कौतुक पार ओसरले. काकांनी काही तडीस नेण्याची चिन्हे दिसेनात.

काका लबाड होते म्हणावे, तर तसे मुळीच नाही. कचेरीत हेडक्लार्क म्हणून सारा जन्म गेला. कोणाचा चहासुद्धा फुकट प्यालेले नाहीत. अण्णांचे दप्तर त्यांनी तांबड्या फडक्यात बांधून कपाटात ठेवले होते आणि किल्ली जानव्याला. पण कामाचा विषय काढला की काका पंचांग काढीत. आषाढात नवे काम नको. श्रावणात उपासतापास. मग गणपती, मग पितृपंधरवडा. दिवाळीत असले विषय काढू नयेत. मार्गशीर्षात काकूंचे गुरुवार. मार्चअखेरीला बँकेतले लोक मान वर करीत नाहीत. पुढे लग्नसराई. बाराही महिने असे भरले, आणि वर्षश्राद्ध मात्र बिनचूक तिथीला झाले. काका पहिल्या पंगतीला होते. “अण्णांचं सगळं व्यवस्थित करायचं आहे हं,” असे त्यांनी मला हात धुताना सांगितले.

आता ह्यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते ताईचे. घर जुने, कौलारू. दर वर्षी पावसाआधी शाकारून भागत असे, पण आता मागच्या अंगाचे वासेच कुजले होते आणि भिंतीला पोट आले होते. दुरुस्तीला कर्ज हवे, तर बँक म्हणणार मिळकत तुमच्या नावावर दाखवा. मिळकत पत्रिकेवर अण्णांचे नाव. घरपट्टीवर अण्णांचे नाव. सबंध पावसाळा ताईने पातेली, बादल्या आणि पूजेचे ताम्हणसुद्धा गळतीखाली मांडून काढला. आणि इतके होऊन ती काकांना एका शब्दाने विचारीना. “लोक म्हणतील, बाप जाऊन वर्ष नाही झालं तर हिला घराची घाई,” असे तिचे म्हणणे. ज्याला सर्वांत जास्त गरज असते तोच सर्वांत कमी मागतो, हा वारसांच्या जगातला नियमच आहे की काय, कोण जाणे.

डोंबिवलीच्या दादाचा पंथ उलटा. त्याचे मत, वकिलाची नोटीस. त्याने मसुदासुद्धा तयार करून पाठवला. त्यात काकांना ‘आपण’ म्हटले होते, पण बाकी सगळा मजकूर ‘तू’चा होता.

नोटिशीवर सही करण्यापूर्वी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो आता वकिली करतो. माझ्या तासाला तो नेहमी झोपत असे, पण कायदा त्याने जागेपणी वाचलेला दिसला. त्याने सांगितलेले सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून इथे देतो.

आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा आहे, १९२५ सालचा. त्याच्या ३३७ व्या कलमात म्हटले आहे की, मरणाच्या तारखेपासून एक वर्ष होईपर्यंत कोणाचा वाटा देऊन टाकण्याचे बंधन व्यवस्थापकावर नाही. हे ऐकून मला मोठी गंमत वाटली. कायद्याचे वर्ष आणि श्राद्धाचे वर्ष एकच! म्हणजे पहिल्या वर्षात आपण घाई केली तर काका कायद्याने बरोबर, आणि वर्ष उलटल्यावर ‘आता काय ते सांगा’ असे विचारले तर आपण बरोबर. विचारणाऱ्याला हावरट म्हणण्याचे कारण नाही.

शिवाय व्यवस्थापकाने मालमत्ता आणि येणी वाजवी तत्परतेने गोळा करायची असतात. त्याच्या हलगर्जीने एखादी गोष्ट गोळा करायची राहिली आणि नुकसान झाले, तर ३६९ व्या कलमाप्रमाणे ते त्याला स्वतः भरून द्यावे लागते. प्रोबेट घेतले असेल तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशोब कोर्टापुढे ठेवायचा असतो. (साताऱ्यासारख्या गावी आमच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नव्हती, त्यामुळे तो धाक नव्हता.) आणि अगदीच टोकाला गेले तर ३०१ व्या कलमाखाली उच्च न्यायालय व्यवस्थापकाला दूर करून दुसरा नेमू शकते.

“मग सर, अर्ज करायचा?” विद्यार्थ्याने विचारले.

मी म्हटले, “त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत ताईच्या घरावर किती पावसाळे पडतील?”

तो हसला. “तेवढे विचारू नका. आधी काकांकडे वाटा मागू नका, यादी मागा. वाटा मागितला की माणूस बिथरतो. यादी मागितली की कारकून जागा होतो.”

हा सल्ला त्याच्या फीपेक्षा मोलाचा होता. फी त्याने घेतली नाही, ही गोष्ट वेगळी.

२०२३ च्या श्रावणात एका शनिवारी मी एक रेघांची वही घेऊन साताऱ्याला काकांच्या घरी गेलो. “या प्रोफेसर,” काका म्हणाले, आणि त्यांचा हात भिंतीवरच्या पंचांगाकडे जाण्याआधीच मी वही उघडली. चार रकाने आखले: वस्तू, कुठे आहे, कोणता कागद लागतो, काम कोणी करायचे. म्हटले, “काका, मला काही नको. नुसते लिहून घेतो.”

तांबडे फडके सुटले, आणि मी थक्क झालो. सगळे दप्तर जय्यत तयार! मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती. मृत्युपत्राची नक्कल. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा. भूमापन कचेरीत द्यायचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेला, फक्त तारीख आणि सही बाकी. बँकेचे अर्ज भरलेले. बँकेला सर्व कागद मिळाले की पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा असतो, हेही काकांना ठाऊक होते. एकेक बाब ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. आठ बाबी झाल्या. नववी होती अण्णांची वही. तिचे नाव काढताच काका उठले आणि आत वळून म्हणाले, “अहो, चहा टाकता का?”

चहा तर नुकताच झाला होता!

ती वही मी वाचली. २०१५ साली दादाने डोंबिवलीची जागा घेतली तेव्हा अण्णांनी त्याला चार लाख रुपये दिले होते. तारीख, धनादेशाचा क्रमांक, सगळे त्याच वळणदार अक्षरात. मला आणि ताईला ह्याचा पत्ता नव्हता. ठेवी होत्या वीस लाखांच्या. चार त्यात धरायचे म्हणजे चोवीस. वाटा प्रत्येकी आठ. दादाच्या हाती आता चारच यायचे होते.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अण्णांनी इतक्या वर्षांच्या मैत्रीत मला काम सांगितलं ते हे एकच. आणि तेही असलं. अरे, त्याला मी सायकल शिकवली आहे. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, की तुझे चार लाख कमी?”

दीड वर्षाचे पंचांग माझ्यापुढे उलगडले. काका आळशी नव्हते. आठ कामे एका नवव्या कामाच्या मागे अडून बसली होती, जशी घाटात एक बैलगाडी अडली की मागे सगळी रहदारी थांबते. घरचा अर्ज दिला की ठेवींचा विषय निघणार, ठेवींचा निघाला की वहीचा निघणार. म्हणून पहिलाच अर्ज कपाटात. दिरंगाईच्या मुळाशी पुष्कळदा असेच असते. कामे पुष्कळ असतात म्हणून ती राहत नाहीत; त्यातले एखादे नकोसे असते म्हणून बाकीची राहतात. ते एक काम शोधून काढून व्यवस्थापकाच्या खांद्यावरून उचलले, की उरलेली आपल्या पायांनी चालू लागतात.

दादाला सांगण्याचे काम मी माझ्या रकान्यात लिहून घेतले आणि तिथल्या तिथे फोन लावला. वहीतला मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवला. पलीकडे इतका वेळ शांतता होती, की फोन तुटला असे वाटले. मग दादा म्हणाला, “बरोबर आहे. अण्णा लिहून ठेवणारच. वजा करा.” थोड्या वेळाने म्हणाला, “काकांना म्हणावं, माझा नमस्कार.” त्या नोटिशीचा मसुदा पुन्हा कधी निघाला नाही.

सोमवारी काकांनी अर्जांवर सह्या केल्या. धावपळ मी आणि भाच्याने केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काकांना पोस्टकार्डावर लिहून कळवले, काय झाले, काय उरले. हेडक्लार्काला कागदावरची प्रगती आवडते. भूमापन कचेरीने नोटिसा काढल्या, मुदत गेली, हरकत कोणाची आली नाही. २०२४ च्या पाडव्यापूर्वी मिळकत पत्रिकेवर ताईचे नाव लागले आणि त्या मृगाआधी घराला नवे वासे चढले. ताईच्या दोन पावसाळ्यांची मात्र भरपाई कोणत्याही कलमात नाही.

म्हणून वाचकहो, दोन शब्द सांगतो. मृत्युपत्र करणार असाल तर व्यवस्थापक आपल्याच वयाचा नेमू नका. आपल्याच गाडीने निघालेल्या उतारूला स्टेशनवर निरोप द्यायला बोलावण्यासारखे ते आहे. नेमण्यापूर्वी त्याला विचारा. मुलांपैकी कोणाला काही दिले असेल तर वहीत लिहा, आणि सर्वांसमक्ष वाचूनही दाखवा. आपण जिवंतपणी जे बोललो नाही ते आपल्या मागे मित्राला बोलायला लावणे हा मैत्रीवर अन्याय आहे. ज्याला हे काम झेपणार नसेल त्याने दप्तर हाती घेण्याआधीच तसे लेखी कळवावे. त्यात कमीपणा नाही.

वारसांनीही ध्यानात ठेवावे की वेळ फुकट जात नाही. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि सात वर्षे न घेतलेला लाभांश सरकारी निधीत जातो. ते पैसे बुडत नाहीत, पण परत मिळवायला हेलपाटे घालावे लागतात. ‘नॉमिनी’ म्हणून नाव आहे तोच मालक, असे समजून कोणी स्वस्थ बसू नये किंवा भांडूही नये. शेअर्सच्या बाबतीत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, नॉमिनी पैसे हाती घेतो, पण हक्क वारसाहक्काप्रमाणेच ठरतो.

आणि विचारताना मानाने विचारावे, पण विचारावे. गप्प बसलेल्या घरात संशय वाढतो, आणि तो बिचाऱ्या व्यवस्थापकावर थांबत नाही; भावाबहिणींपर्यंत पोचतो. लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्यांना हळदकुंकू वाहतात. आपल्या घरातही एखादी वही असतेच. यंदा भाऊबीजेला सगळे जमाल, तेव्हा फराळ झाल्यावर ती उघडून बघा. वही लिहिणारा समोर बसलेला असेल, तर फारच उत्तम.