संध्याकाळी सातनंतरचं काम

मैत्रिणींनो, आपल्या बैठका केव्हा भरतात? दुपारी दोन ते पाच. जेवणं उरकलेली असतात, मुलं शाळेतून यायची असतात, नवरा कामावर असतो. कितीतरी वर्षं आपली चळवळ या तीन तासांत बसवलेली आहे आणि त्यात गैर काही नाही. बाईला जी फट सापडते तिच्यातूनच ती बाहेर पडते. पण ज्या मुलींविषयी मला लिहायचं आहे त्या या तीन तासांत भेटत नाहीत. त्या भेटतात सातनंतर. कर्जतच्या फलाटावर, चार फाट्यावर, खोपोलीच्या एसटी स्टँडमागे, हायवेवरच्या धाब्यांच्या मोरीत भांडी घासताना. आणि सातनंतर आपण सगळ्याजणी घरी असतो.

रस्त्यावर जाऊन, नाक्यावर उभं राहून, अडचणीतल्या तरुण मुलामुलींशी नातं जोडायचं काम आपण ‘मुलांच्या संस्थांचं’ म्हणून बाजूला ठेवलं आणि उरलेलं पोलिसांवर सोडलं. माझं म्हणणं असं की हे काम बायकांच्या संघटनांचं आहे, आणि ते आपण घेतलं नाही तर मुलींच्या बाबतीत ते होणारच नाही.

मुंबईच्या मैत्रिणी विचारतात, कर्जत-खालापुरात कसली आलीत रस्त्यावरची मुलं? डोंगर, भातशेती, फार्महाऊस! पण मुंबईचा रस्ता आमच्याकडूनच सुरू होतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत शंभर किलोमीटर. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना बोरघाट चढायला मागून बँकर इंजिन लावावं लागतं, म्हणून त्या इथं थांबतात. घाट उतरून येणाऱ्या गाड्यांतूनही माणसं उतरतात. सोलापूर, लातूरकडून घर सोडून निघालेलं पोरगं पुढं कल्याणला तिकीट तपासतील या धास्तीनं इथंच उतरतं आणि वडापावच्या गाडीपाशी घुटमळतं. मध्यरात्रीच्या सुमारास सुटलेली शेवटची कर्जत लोकल इथं येईपर्यंत दोन वाजून जातात. त्या गाडीतून कोण उतरतं, कोण कुणाला न्यायला आलेलं असतं, हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलं आहे?

ही झाली येणारी. निघणारी आमच्या घरचीच. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतली कुटुंबं पाऊस सरला, भात निघालं की आगाऊ उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती उन्हाळा संपता संपता परततात. बरोबर चौदा-पंधरा वर्षांची पोर असतेच, धाकट्यांना सांभाळायला. तिची शाळा सुटलेली असते, लग्न ठरायचं असतं. मधली दोन-तीन वर्षं ती कुणाचीच नसते. आणि आता तर शनिवार-रविवारचं नवं काम निघालं आहे. मुंबई-पुण्याची माणसं रिसॉर्टवर, फार्महाऊसवर येतात, त्यांच्यासाठी वाढायला, खोल्या झाडायला मुली लागतात. शुक्रवारी संध्याकाळी नाक्यावर टेम्पो येतो, सोमवारी सकाळी सोडतो. पैसे ठेकेदाराच्या हातात. मुलगी कुठल्या फार्महाऊसवर आहे हे आईला ठाऊक नसतं. पुष्कळदा मुलीलाही नसतं, कारण टेम्पो अंधारात पोचतो. वाढण्या-झाडण्यापलीकडे काय मागितलं जातं ते मुली पहिल्या महिन्यात सांगत नाहीत.

मग या मुली दिसत का नाहीत? २०१३ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि अॅक्शनएड यांनी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची गणना केली. आकडा आला ३७,०५९. त्यातली सुमारे दोन तृतीयांश आपल्या कुटुंबाबरोबर राहणारी. मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा बरीच कमी. हे वाचून कुणी म्हणेल, चला, मुली कमी घर सोडतात. मला तसं वाटत नाही. मुलगा फलाटावर महिनाभर राहू शकतो. बाटल्या वेचतो, टोळीत शिरतो, मार खातो, पण दिसत राहतो. मुलगी फलाटावर एक रात्र काढते. दुसऱ्या रात्री तिला कुणीतरी ‘घर’ दिलेलं असतं. घरकाम, बार, लग्न, धंदा, नाव काहीही असो, ती मोजणाऱ्याच्या नजरेआड गेलेली असते. म्हणून मुलींसाठी पहिल्या रात्रीला महत्त्व आहे, आणि पहिल्या रात्री तिथं बाई असण्याला.

मुंबईत हे काम पूर्वीपासून झालेलं आहे. स्नेहसदन १९६२ पासून घर सुटलेल्या मुलांना घर देत आलं. ‘प्रेरणा’नं १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात रात्रीचं बालसंगोपन केंद्र काढलं. का रात्रीचं? तर आयांच्या धंद्याची वेळ रात्रीची, तेव्हाच मुलांना जागा हवी असते. संस्थेच्या सोयीची वेळ न धरता बाईच्या वेळेनं दार उघडायचं, एवढी साधी गोष्ट. १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी टाटा संस्थेतून चाइल्डलाइन सुरू केली. त्याआधी रात्रनिवाऱ्यातली मुलं अडचण आली की थेट त्यांच्या घरी फोन करीत. म्हणजे आधी ओळख झाली, विश्वास बसला, मग मुलं फोन करू लागली आणि त्यातून १०९८ हा नंबर आला. क्रम लक्षात घ्या. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ही सेवा स्वतःकडे घेतली, ११२ शी जोडली, जिल्हा बाल संरक्षण कक्षांकडे सोपवली. नंबर तोच आहे, लावला तर लागतो. पण बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं फलाटावर हिंडणाऱ्या संस्थांचं त्यातलं काम थांबलं. नंबर राहिला, ओळख गेली. आमच्या जिल्ह्याची कचेरी अलिबागला. मध्ये पेण, वडखळ. संध्याकाळी आठ वाजता कर्जतच्या जिन्याखाली बसलेल्या मुलीपर्यंत तिथून कोण येणार?

इंग्लंडमध्ये हाच विचार १९६० च्या दशकात पुढे आला. तरुणांसाठी क्लब होते, पण ज्यांना गरज ती मुलं क्लबात येत नव्हती. मग कार्यकर्ते कॅफेत, नाक्यांवर जाऊन बसू लागले. मेरी मोर्स यांचं १९६५ चं पुस्तक त्याच प्रयोगांवर आहे. तिथंही २०१० नंतर पैसे कापायची वेळ आली तेव्हा या युवक सेवांवर कुऱ्हाड आली. ज्या कामाचा अहवाल ‘आज तिच्याशी मेंदीविषयी बोलले’ असा असतो, ते पहिलं कापलं जातं.

पण काम तसंच असतं. आम्ही तिघीजणी मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहा ते साडेनऊ बसतो. ठरलेल्याच जागी. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, वही काढायची नाही. फोटो तर नाहीच. पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, पॅड, फोनचं चार्जर. सगळ्यात जास्त चार्जर मागतात. पहिला महिना कुणी बोलत नाही. चहावाला मात्र चौकशा करतो आणि टवाळ पोरं मागं उभं राहून गाणी म्हणतात. दुसऱ्या महिन्यात तीच पोरं सांगतात, ‘ताई, ती निळ्या ड्रेसवाली दुपारपास्नं बसलीय.’ या पोरांना आपण धरायचं की नाही यावर आमच्या गटात वाद आहे. माझं मत, धरायचं. नाक्यावरची खरी बातमी त्यांच्याकडे असते, आणि त्यांच्यातलेही निम्मे कुठून तरी हाकलले गेलेले असतात. माझ्या एका सहकारणीचं मत, आपली ताकद थोडी, ती मुलींवरच लावू. तिचंही चूक म्हणता येत नाही.

चौथ्या-पाचव्या भेटीत एक प्रश्न येतोच. सतराएक वर्षांच्या एका मुलीनं बिस्किटाचा पुडा हातात फिरवत विचारलं, ‘तुम्ही पोलिसांना सांगता का?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे या कामातलं सर्वांत अवघड. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा, तिची मर्जी असो वा नसो. आणि ज्याला कळलं त्यानं कळवलं पाहिजे, नाही कळवलं तर शिक्षा. कायदा आला तेव्हा आपण स्वागत केलं होतं आणि लहान मुलींच्या बाबतीत ते योग्यच होतं. पण वाडीतली सोळा-सतराची मुलगी आपल्या मर्जीनं एका पोराबरोबर राहते, दिवस जातात, आणि तो तुरुंगात जाईल या भीतीनं ती सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. मग कुठलंतरी औषध, कुठलीतरी सुईण. इथं कायदा तिचं रक्षण करतो की तिला दवाखान्यापासून तोडतो?

आमच्यापुरता आम्ही नियम केला आहे. मुलगी सांगायला लागायच्या आधी तिला सांगायचं, ‘बाई, अमुक गोष्ट माझ्या कानावर आली तर मला कळवावी लागते. हे समजून मग काय सांगायचं ते तू ठरव.’ काहीजणी गप्प होतात. पण फसवून काढून घेतलेली माहिती आणि विश्वासानं दिलेली, यांत मुलगी फरक करते, आणि ती पुढच्या शुक्रवारी येते की नाही ते त्यावरच ठरतं. आणखी एक गोष्ट सगळ्या गटांना माहीत हवी. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. मी ज्या दवाखान्यात हे सांगायला गेले तिथल्या डॉक्टरबाईंनी निकाल ऐकलाच नव्हता. त्याची प्रत आपण प्रत्येकीनं आपल्या तालुक्यात नेऊन दिली पाहिजे.

आता ‘सुटके’विषयी. रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत २०१८ ते मे २०२४ या काळात ८४,११९ मुलं वाचवली असं सरकार सांगतं. काम मोठं आहे, नाकारायचं कारण नाही. पण त्यातली किती पुन्हा पळाली, तो आकडा त्या पत्रकात शोधूनही सापडत नाही. मूल चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं, आणि मग सगळ्यांची घाई एकच, घरी पोचवा. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी यांची ‘श्रद्धा’ आहे. मानसिक आजारानं रस्त्यावर आलेल्या माणसांना उचलून आणायचं, बरं करायचं, घरी पोचवायचं. हजारो माणसं अशी घरी गेली, डॉ. भरत यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. तिथं घर शोधून काढणं हीच सेवा आहे, कारण आजारात माणसाचं घर हरवलेलं असतं. आमच्या फलाटावरच्या मुलीचं घर हरवलेलं नसतं. तिनं ते सोडलेलं असतं. बापाच्या दारूपायी, काकाच्या हातापायी, ठरलेल्या लग्नापायी. तिला तासाभरात त्याच उंबऱ्यावर नेऊन उभी करणं आणि ‘कुटुंबाशी पुनर्मीलन’ असा शिक्का मारणं, यात बाईची जागा घरातच हा जुनाच न्याय नाही का? घरी जावं की नाही, आज की चार दिवसांनी, कुणाच्या घरी, हे तिला विचारायला चार दिवस लागतात. ते कुणाजवळ नाहीत.

आणि अठरा पूर्ण झाली की तर विचारणारंच कुणी नाही. बाल न्याय कायद्यातली अठरानंतरची मदत बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. जी कधी बालगृहात गेलीच नाही तिला ती कुठली? सखी केंद्रात पाच दिवसांपुरतं राहता येतं. सहाव्या दिवशी काय? त्या दिवशी तिला ठेकेदाराचा नंबर आठवतो, कारण तेवढाच पाठ असतो.

इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा सगळा महाराष्ट्र खालापुरात लोटला होता. तसं व्हायलाच हवं होतं. पण वाड्यांतून दर हंगामात एकेक मुलगी नाहीशी होते त्याला आवाज नसतो.

आपल्या गटांत मी हे मांडलं तेव्हा आलेल्या हरकती सांगते. एक, पैसा नाही. खरं आहे, पण याला इमारत लागत नाही, दोघींचं मानधन आणि रात्री घरी सोडायला रिक्षाचं भाडं लागतं. दोन, आपण बाहेरच्या मुलींना आसरा देतो म्हणून वस्तीत नाव खराब होईल. हे ऐकून मला राग आला होता, अजून आहे. तीन, आणि ही खरी: ‘साडेनऊपर्यंत मला घरून कोण सोडणार?’ पंचवीस वर्षं मोर्चे काढलेल्या बायका हे विचारतात. आमच्या तिघींतल्या एकीनं घरी सांगितलं आहे की मंगळवार-शुक्रवारी भाकरी सकाळीच होतील. सासूबाई बोलल्या, पण नवऱ्यानं भाजी गरम करायला शिकून घेतलं. दुसरी विधवा आहे, तिला विचारणारं कुणी नाही. उलट बाहेर निघताना चार डोळे पाठीला लागतात. म्हणजे त्या मुलीच्या रात्रीचा प्रश्न सोडवायला आधी आपल्या स्वतःच्या रात्रीचा सोडवावा लागतो.

सध्या गरज एका खोलीची आहे. संस्था नको, पाटी नको, रजिस्टर नको. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, आतून कडी असलेली, अठरा वर्षांवरच्या मुलीला पाच दिवसांनंतर महिनाभर राहता येईल अशी. कर्जतला दोन ठिकाणी विचारलं. ‘एकट्या मुलींना नाही’ असं उत्तर आलं. खोपोलीत एका निवृत्त शिक्षिकेनं माडीवरची खोली दाखवली आहे, भाड्याचं बोलणं व्हायचं आहे. खोपोलीच्या मैत्रिणींनी तिथला शनिवार घ्यायचं कबूल केलं आहे. शनिवारी कुणीतरी हवंच, फार्महाऊसवर काही बिनसलं तर मुली त्याच रात्री तिकडून चालत निघतात.